अवघड वचनांच्या बाई

एका शनिवारी बाईंनी हमालाकरवी पिठाचं पोतं चर्चच्या हॉलमध्ये आणवलं आणि बायबल क्लासच्या मधोमध धपकन टाकायला लावलं. पीठ उडालं, पुढच्या रांगेतल्या एका काकांना शिंकांवर शिंका सुरू झाल्या. बाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आता सांगा, ही बाई घरच्या चार माणसांपुरत्या भाकऱ्या करतेय का?"

विषय होता येशूच्या एका दाखल्याचा. एक बाई तीन मापं पिठात थोडंसं खमीर लपवते आणि सगळं पीठ फुगून येतं, अशी ती एका ओळीची गोष्ट. आम्ही ती लहानपणापासून ऐकलेली आणि प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर आपापल्या घरची परात. बाईंनी मात्र त्या काळच्या मापाचा हिशोब काढून तेवढं पीठ खरोखरच आणलं होतं. त्यात अख्ख्या लग्नाची पंगत जेवून उठली असती. "येशूनं हे सांगितलं तेव्हा ऐकणाऱ्या बायका हसल्या असणार," बाई म्हणाल्या. "एवढं कोण मळणार म्हणून. तुम्ही आजवर कोणी हसला नाहीत. कसे हसाल? तुम्हाला पीठच दिसलं नव्हतं." क्लास संपल्यावर त्यांनी ते पीठ पिशव्यांतून सगळ्यांना वाटलं. पुढे कितीतरी दिवस आमच्या घरी त्याच्याच पोळ्या होत होत्या आणि आई पीठ जाडसर दळलंय म्हणून कुरकुरत होती.

बाईंनी आयुष्यभर मुलुंडच्या एका शाळेत भूगोल शिकवला. रिटायर झाल्यावर कांजूरमार्गला आमच्या मागच्याच बिल्डिंगमध्ये एका खोलीत राहायला आल्या. एकट्याच. लग्न केलं नव्हतं. कोणी त्याबद्दल विचारलं तर "राहून गेलं" म्हणायच्या, इस्त्रीचे कपडे आणायचे राहून जावेत तशा सुरात. अंगावर फिकट सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि पर्समध्ये खडूचा डबा. त्यांनी हॉलच्या नोटीसबोर्डवर भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडचा एक मोठा नकाशा लावला होता, त्याखाली महिन्याच्या वाढदिवसांची यादी झाकून जाई. वाढदिवसवाले रुसले. बाई म्हणाल्या, "तुम्ही जन्मलात हे तुमच्या घरच्यांना ठाऊक आहे. यरीहो कुठं आहे हे एकालाही ठाऊक नाही."

त्यांचं साधं म्हणणं होतं. बायबल आकाशातून पडलेलं नाही. त्यातली माणसं धुळीच्या रस्त्यानं चालत होती, त्यांना भूक लागत होती, त्यांचे पाय मळत होते, त्यांच्याही घरात सासवा होत्या. म्हणून "आधी रस्ता, मग अर्थ". कुठलंही वचन घेतलं की बाई आधी विचारणार, हे बोलणारा कुठं उभा आहे? ऋतू कुठला? ऐकतंय कोण? त्यांनी सकाळी काय खाल्लं असेल? एवढं होईपर्यंत तास संपायचा. "बाई, अर्थ सांगा ना, घरी जायचंय," असं कोणी काकुळतीनं म्हणालं तर त्या घड्याळाकडे बघून म्हणत, "घाई असेल तर घरी जा. अर्थ इथंच आहे, पळत नाही."

एकदा त्यांनी सगळ्या क्लासला त्या काळच्या रीतीनं चटईवर डाव्या कोपरावर रेलून, पाय मागे टाकून जेवायला लावलं. येशू कोणाच्या तरी घरी जेवत असताना एक बाई मागून येते आणि रडत त्याचे पाय भिजवते, ते कसं जमलं, हे आम्हाला कळावं म्हणून. आम्ही जन्मभर तो प्रसंग टेबलखुर्चीवर बघितलेला, आणि ती बिचारी टेबलाखाली शिरली असावी अशीच आमची समजूत. तसं रेलल्यावर झटकन कळलं. पाय मागेच असतात, तिला फक्त दारातून आत यायचं होतं. कळलं खरं, पण पिठाच्या शिंकावाल्या काकांना उठता येईना. दोघांनी धरून उठवलं तेव्हा ते म्हणाले, "बाई, पुढचा प्रसंग खुर्चीतला बघा."

हिब्रू अक्षरं त्या ठाण्याच्या एका म्हाताऱ्या बेने इस्राएली, म्हणजे मराठी ज्यू, गृहस्थांकडून शिकल्या. दोघंही मराठीतून कडाकडा भांडत. मी एकदा बाईंची पिशवी धरायला म्हणून सोबत गेले होते. एका जुन्या सणाच्या रीतीवरून दोघांचं इतकं वाजलं की चहा निवून गेला. परत येताना मला वाटलं, बाई चिडल्या असतील. त्या बसमध्ये गुणगुणत होत्या. "बरं वाटलं," म्हणाल्या. "चर्चमध्ये कोणी इतकं मनापासून भांडत नाही गं."

ते मात्र खरं नव्हतं. चर्चमध्येही भांडण झालं, आणि ते बाईंनीच काढलं. बाहेरून एक बडे उपदेशक आले होते. श्रीमंत माणूस देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटानं सुईच्या नाकातून जाणं सोपं, या वचनावर ते बोलत होते. ते म्हणाले, घाबरू नका, यरुशलेमच्या तटाला सुईचं नाक नावाचा एक लहान दरवाजा होता. उंट गुडघे टेकून, ओझं उतरवून त्यातून जात असे. आपणही नम्र झालो की जाऊ. मंडळीनं समाधानानं माना हलवल्या. पहिल्या बाकावरच्या बिल्डरसाहेबांनी तर सर्वांत जोरात. आणि चौथ्या बाकावरून बाई उभ्या राहिल्या.

"हा दरवाजा कुठल्या नकाशावर आहे?"

उपासनेच्या मधे कोणी उठून बोलत नसतं. पाळकसाहेबांनी हातानं खुणावलं, बसा, बसा. बाई बसल्या नाहीत. "मी पस्तीस वर्षं नकाशे शिकवले. हा दरवाजा मला दाखवा. कुठंच नाहीये तो. नंतरच्या लोकांनी बसवलाय, कारण त्यांना आत जायचं होतं आणि काही सोडायचंही नव्हतं. सुई म्हणजे सुई. उंट म्हणजे उंट. तुमचा उंट नाही जाणार!"

त्या उपदेशकांनी हसून वेळ मारून नेली. बाईंचा क्लास मात्र महिनाभर बंद ठेवण्यात आला. त्या महिन्यात बाई दर शनिवारी ठरल्या वेळी हॉलच्या बंद दारासमोर पायरीवर येऊन बसायच्या आणि तास भरला की घरी जायच्या. पाळकसाहेबांना दर वेळी त्यांच्या बाजूनं जावं लागे. शेवटी त्यांनीच चावी काढून दिली.

एवढ्यावरून कोणाला वाटेल की बाई फक्त श्रीमंतांना टोचायच्या. तसं नव्हतं. आमच्याकडे वारा फिरला की डम्पिंग ग्राउंडच्या कचऱ्याचा वास खिडक्यांतून आत येतो, जेवण जात नाही. नरकाबद्दलच्या एका वचनावर क्लास चालू असताना असाच वास आला आणि मी हुशारी करून म्हणाले, "बाई, मी वाचलंय, यरुशलेमच्या बाहेरच्या दरीत कचरा जळायचा, त्यावरूनच नरकाची कल्पना आली. म्हणजे आपलं कांजूरच की." सगळे खो खो हसले. बाईंचा चेहरा मात्र पडला, कारण त्यांनाही ती उपमा फार आवडली होती, ते दिसतच होतं. तरी म्हणाल्या, "मीही शोधलं. त्या काळचा पुरावा सापडत नाही. आपल्या नाकाला पटलं म्हणून खरं होत नाही, पोरी." वचन कडक असेल तर कडकच ठेवायचं. ते मऊ करून वाढायचं नाही. मला त्यांचा हा हट्ट आवडायचा. तो आमच्याच घरात येऊन बसेपर्यंत आवडायचा.

माझे वडील गेले तेव्हा त्यांना कबरस्तानात पुरलं. इथं जागा कमी, म्हणून कबर कायमची मिळत नाही. दोनेक वर्षांनी ती उघडतात, हाडं काढून घरच्यांच्या हाती देतात, आणि ती भिंतीतल्या छोट्या कोनाड्यात ठेवून वर नावाची फरशी लावतात. घरचं कोणी आलं नाही तर हाडं सगळ्यांच्या एका खड्ड्यात जातात. आईनं ती दोन वर्षं त्या दिवसाची वाट बघत काढली. पुरलं त्या दिवशी तिला भोवळ आली होती आणि तिला काहीच आठवत नव्हतं. "त्यांना नीट निरोप दिला नाही मी," असं ती भाजी निवडता निवडता मधेच म्हणायची. "आता हातानं ठेवीन."

कबरस्तानाच्या केअरटेकरचा फोन आला, दिवस ठरला, आणि दादा म्हणाला, "आपण जायचं नाही."

माझा मोठा भाऊ लग्नानंतर मुलुंडला राहायला गेला होता आणि तिथल्या एका नव्या प्रार्थनागटात शिरला होता. मनानं वाईट नव्हता. दारू सुटली होती, बायकोवर ओरडणं सुटलं होतं, हे सगळं त्या गटामुळेच. पण आता त्याला सगळं एका वचनात हवं असायचं. एक माणूस येशूला म्हणतो, आधी मला जाऊन माझ्या बापाला पुरू दे, मग तुझ्यामागे येतो. आणि येशू त्याला म्हणतो, मेलेल्यांना त्यांच्या मेलेल्यांना पुरू दे, तू माझ्यामागे ये. दादानं ते वचन आईपुढे ठेवलं. "आई, हाडांत पप्पा नाहीत. हे देवाला चालत नाही. तू गेलीस तर मी काय समजायचं?"

आईनं जेवण सोडलं नाही, रडलीही नाही. तिनं फक्त पप्पांच्या फोटोसमोर मेणबत्ती लावणं बंद केलं.  माझी आई जाऊ दे म्हणणारी नाही. भाजीवाल्याशी एका जुडीसाठी भांडणारी बाई ती. पण येशूच नको म्हणतोय म्हटल्यावर ती भांडणार कोणाशी? शेवटी मला म्हणाली, "तुझ्या बाईंना बोलव. त्यांना सगळं ठाऊक असतं ना? त्यांनी सांगावं."

मी उड्या मारत गेले. बाई आता त्या काळच्या रीतीरिवाजांतून असं काहीतरी काढतील की दादाचं तोंड बंद होईल, याची मला खात्रीच होती. बाईंनी ऐकून घेतलं, आठवडा मागितला, ठाण्याला एक फेरी मारली. मग एका संध्याकाळी आमचे चार जिने चढून आल्या. धाप लागली होती. पाणी प्यायल्या आणि आईसमोर खाली जमिनीवर बसल्या.

"ताई, मी शोधलं. तुम्हाला आवडणार नाही."

"सांगा. मऊ करू नका."

"त्या काळी यरुशलेमकडचे लोक मेलेल्याला खडकात कोरलेल्या थडग्यात ठेवत. वर्षभरानं मुलगा परत जायचा, हाडं गोळा करायचा आणि दगडी पेटीत भरून आधीच्या लोकांच्या शेजारी ठेवायचा. तोपर्यंत पुरणं पुरं झालं असं धरत नसत. आता हा माणूस येशूला भेटतो तो रस्त्यात. बाप त्याच दिवशी मेला असता तर तो घरी असता, रस्त्यावर कशाला फिरला असता? म्हणून काही जाणकार म्हणतात, तो याच दुसऱ्या वेळेबद्दल बोलत होता. हाडं उचलण्याबद्दल. सगळ्यांना ते पटत नाही. पण मला विचाराल तर मला पटतं."

"म्हणजे आपलंच," आई म्हणाली.

"हो. अगदी तुमचंच. आणि येशू त्याला नको म्हणाला."

माझं डोकंच फिरलं. "बाई, यासाठी आठवडा घेतलात? दादानं जे ढोबळ सांगितलं ते तुम्ही पुराव्यासकट आणून दिलंत! एक दिवस खोटं बोलला असतात तर काय बिघडलं असतं?"

बाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही.   "खोटं बोलले असते तर ताई गेल्या असत्या," त्या हळू म्हणाल्या. "आणि तिथं उभं राहून त्यांना सारखं वाटलं असतं की बाईंनी माझं मन राखलं. अशा मनानं त्यांनी नवऱ्याला हातात घ्यावं?"

 मग आईनं पदरानं तोंड पुसलं. "हा रस्त्यातला माणूस. त्याला आई होती?"

"लिहिलेलं नाही."

"असेल ना. बाप मेला म्हणजे आई घरात असेल. येशू तिला काय म्हणाला?"

बाईंनी पर्समधून बायबल काढून ते पान उघडलं.

"तिला काही म्हणाला का, बाई?"

"नाही. ती त्या रस्त्यावर नव्हती. त्यानं मुलाला बोलावलं होतं."

"मग माझ्या मुलालाही बोलावलं असेल," आई म्हणाली. "त्यानं जावं. मी अडवणार नाही. मला कुणी कुठं बोलावलेलं नाही. मी घरीच आहे. मी जाणार." आणि उठून तिनं फोटोसमोर मेणबत्ती लावली. काडी पहिल्याच फटक्यात पेटली नाही, तर दुसरी ओढली.

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. वचन तर तसूभरही मऊ झालं नव्हतं. जिना उतरताना त्या मला म्हणाल्या, "इतकी वर्षं मी त्या माणसाच्या मागे त्याच्या घरापर्यंत गेलेच नाही गं." 

ठरल्या सकाळी आम्ही तिघी गेलो. मी, आई आणि न बोलावता आलेल्या बाई. दादा आला नाही. माणसांनी माती काढली. पप्पांच्या नडगीत स्कूटरच्या अपघातानंतर बसवलेली स्टीलची पट्टी होती, ती स्क्रूंसकट हाडाला धरून निघाली. तोवर दगडासारखी उभी असलेली आई ती बघून हसली आणि हसता हसताच रडायला लागली. "हेच ते," म्हणाली. "पावसात दुखायचं यांना." तिनं प्रत्येक हाड कापडावर स्वतःच्या हातानं ठेवलं. बाई कापडाचं दुसरं टोक धरून उन्हात वाकून उभ्या होत्या, कंबर दुखत असूनही हलल्या नाहीत. कोनाड्यात ठेवून झाल्यावर आईनं हात झटकले आणि म्हणाली, "झालं. आता घरी जाऊ."

बाई म्हणाल्या, "आज गोडाधोडाचं करा. त्या काळच्या लोकांतही कोणी कोणी या कामाला आनंदाचं काम म्हणत."

आईनं मटण केलं, खीर केली. जेवणं झाल्यावर बाईंनी एक डबा भरून मागितला आणि मला म्हणाल्या, "चल, मुलुंडला." मला दादाचं तोंड बघायचं नव्हतं. पण बाईंना नाही म्हणणं सोपं नव्हतं. त्या रिक्षात बसल्याही होत्या.

दादानं दार उघडलं. तोंड सुजलेलं. बाई आत शिरल्या, डबा टेबलावर ठेवला. तो उभ्याउभ्याच म्हणाला, "बाई, तुम्ही तर शिकलेल्या आहात. खरं सांगा. मी वचनात चुकलो का?"

"नाही चुकलास. तुझ्या आईलाही मी तेच सांगितलं."

तो खुर्चीत बसला. मला वाटलं, आता जिंकल्यासारखा बघेल. तो पुरा खचल्यासारखा दिसत होता. "मग मला असं का होतंय?"

"ते मला ठाऊक नाही," बाई म्हणाल्या. "जेव."

त्यानं डबा उघडला. दोन घास खाल्ले. मग मान वर न करता विचारलं, "सगळं निघालं ना?"

"सगळं. पायातली पट्टीसुद्धा. आईनं घासून, धुऊन ठेवलीय."

तो जेवत राहिला आणि डोळ्यांतून पाणी गळत राहिलं. बाई समोर बसून होत्या. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही, प्रार्थना केली नाही, वचन सांगितलं नाही. फक्त खीर पुढे सरकवली. रिकामा डबा घेऊनच आम्ही निघालो.

त्यानंतर दादा शनिवारी बाईंच्या क्लासला यायला लागला. यायचा आणि भांडायचा. त्याचं ते एका वचनात सगळं मागणं काही सुटलं नाही, आणि बाई त्याच्यावर इतक्या खूश की शिंकावाले काका म्हणायचे, ठाण्याचं भाडं वाचलं. बाई गेल्या त्या ऐन उन्हाळ्यात, दुपारी झोपेतच. अंत्यविधीला सगळं चर्च आलं, बिल्डरसाहेबही आले. नंतर जो तो आपापल्या कामाला लागला. त्यांचं पुढेमागे कोणी नव्हतं.

यंदा त्यांची कबर उघडायची होती. केअरटेकरला मी माझा नंबर दिला होता, पण त्या सकाळी मरोळच्या लॅबमध्ये माझी ड्युटी होती. दिवस दादाच्या कानावर घातला होता, त्यानं नुसती मान हलवली होती. अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळवून मी धावत पोहोचले. मनात एकच भीती होती, कोणीच नाही असं बघून माणसं बाईंना त्या सगळ्यांच्या खड्ड्यात टाकून मोकळी होतील.

माती काढून झाली होती. बाह्या वर सारून, गुडघे टेकून, दादा पांढरं कापड अंथरत होता. मला बघून म्हणाला, "किती उशीर केलास गं! ये, ते टोक धर."